न फोडलेली कुपी

तलासरी, १२ डिसेंबर २०१६

चि. तुळशीस दादाचा आशीर्वाद.

प्रगती, आजीला हे वाचून दाखवशील तेव्हा सावकाश वाच. मागच्या वेळी तू सुकटीचं वाचलंस आणि माझ्या गुडघ्याचं गाळलंस. आजीने सुकट पोचली एवढंच कळवलं, गुडघ्याची चौकशीसुद्धा नाही. कोसबाडला वसतिगृहात राहून दहावी काढलीस, एवढं वाचायला काय होतं तुला?

तुळशे, पत्र कसली लिहिता, फोन करा, म्हणून बाळ्या माझ्यावर रागावतो. तुझ्या पोराला सांग, फोन त्याच्या खिशात, तो कंपनीत आणि तू नवसारीच्या खोलीत. त्यात तुला एका कानाने ऐकू येत नाही. मी इकडे रेंजसाठी टेकाडावर उभा राहून "जेवलीस का" म्हणून ओरडायचं आणि अख्ख्या पाड्याने ऐकायचं. पत्र बरं.

आता बातमी. आपला दवाखाना उघडला. म्हणजे औषधं द्यायला नाही, रिकामा करायला. बारा वर्षं कुलूप होतं. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात जुन्या इंजेक्शनांचं म्युझियम करतायत. ट्रस्टवाल्यांनी त्यांना माझा पत्ता दिला, कारण किल्ली अजून माझ्याकडेच. शितल मॅडम म्हणून एक डॉक्टरीण आल्या होत्या, सोबत हातमोजे घातलेली दोन माणसं. मी म्हटलं, मॅडम, ह्यांनी आता ढेकूणही मरायचा नाही. त्या म्हणाल्या, आम्हाला टोचायची नाहीत, ठेवायची आहेत.

काय काय निघालं सांगू? काचेच्या सिरिंजा, त्या उकळायचं भांडं, बोथट सुया घासायचा माझा दगड. क्विनीनच्या अँप्युल, आत पिवळं पाणी. पेनिसिलीनच्या बाटल्या. कोरामीन. ते लिव्हरचं इंजेक्शन, जे घेतलं की माणूस दोन दिवस लंगडायचा आणि पुढच्या बाजारी पुन्हा मागायला यायचा. मॅडम एकेक उचलायच्या आणि विचारायच्या, हे कशावर द्यायचात, कुठे टोचायचात, लोक घाबरायचे का. तेहतीस वर्षं कंपाउंडरी केली, मला कोणी इतकं विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. घरी आलो तेव्हा जबडा दुखत होता.

सगळं कापसात गुंडाळून नेलं. वरच्या फळीवर मागे एक पत्र्याचा डबा होता, तो मी काढणार नव्हतो. त्यांच्या माणसाच्या हाताला लागला. असो.

गुडघा तसाच आहे. प्रगती, हे वाच.

तुझा दादा,
भिका


तलासरी, २९ जानेवारी २०१७

चि. तुळशीस,

आज आशीर्वाद लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

शितल मॅडमचं पत्र आलं. त्या पत्र्याच्या डब्यात सापाच्या इंजेक्शनची एक कुपी निघाली. सील तसंच, आत पांढरी पूड तशीच, सोबत पाण्याची अँप्युल, माहितीचा कागदसुद्धा. बाटलीवरची मुदत एक्क्याण्णवची. त्या लिहितात की असं न फोडलेलं क्वचितच मिळतं, बाकी सगळीकडे एक तर वापरलं जातं किंवा फेकलं जातं. हे तुमच्याकडे कसं राहिलं, ते चार ओळींत लिहून द्या, आम्ही काचेवर लावू.

दहा दिवस कागद घेऊन बसतोय. त्यांना चार ओळी लिहायच्या तर आधी तुला लिहायला हवं.

प्रगती, इथून पुढे एक अक्षर गाळायचं नाही. तुला वाचवलं नाही तरी वाच. मला दुसरं कोणी नाही वाचून दाखवणारं.

तुळशे, ती कुपी लहान्याची आहे.

प्रगतीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सत्त्याऐंशी सालचा कार्तिक. तुझा आजोबा लहान्या गवत कापायला गेला होता. मूठभर गवत धरलं आणि त्यातच घोणस होती. डाव्या मनगटाला चावली. सकाळी दहाच्या सुमाराला त्याला पाठुंगळी घेऊन आणलं. डॉक्टर डहाणूला गेले होते, मी एकटा. सापाचं इंजेक्शन कसं द्यायचं ते मला येत होतं. पूड पाण्यात कालवायची, तळहातांत हळूहळू फिरवायची, फेस होऊ द्यायचा नाही, शिरेतून सोडायची. तू लहान्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. मी एक दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं. दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तू मला विचारलंस, दादा, अजून आहे का? मी म्हटलं, संपलं.

संपलं नव्हतं. डब्यात चार होत्या. चौथी मी हातात घेतली होती. हातात घेऊन परत कपाटातल्या डब्यात ठेवली.

का ठेवली ते सांगतो, आणि हे सांगून मला सुटायचं नाही, ते आधीच सांगतो. आदल्या वर्षी बुधीबाई आली होती, आठवते? तिलाही गवतातच साप चावला होता. तेव्हा डबा रिकामा होता. ती माझ्या समोर, दवाखान्याच्या ओटीवर गेली, आणि तिचा नवरा मला म्हणाला, एक तरी ठेवायचं होतंत. त्या दिवसापासून मी एक राखायला लागलो. आईने बियाणाचा मुडा, पेंढ्यात बांधलेलं भाताचं बी, राखला तसा. ज्येष्ठात घरात दाणा नसायचा, आपण कडू कंद रात्रभर पाण्यात ठेवून उकडून खायचो, तू रडायचीस, आणि भाताचा मुडा आढ्याला टांगलेला असायचा. आईने त्याला हात लावला नाही. बियाणाला हात लावायचा नाही, हे माझ्या हाडात होतं, तुळशे. मी चौथी कुपी हातात घेतली आणि हाताने ती आपोआप परत ठेवली. उद्या कोणी आलं तर, एवढंच डोक्यात.

बियाणं पुढच्या पावसात उगवतं. औषधाची तारीख निघून जाते. एवढी अक्कल मला कंपाउंडर असून नव्हती.

नंतर गवताचा ट्रक मिळाला, वापीला न्यायला निघालो, आणि अच्छाडच्या अलीकडेच लहान्या गेला. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगत आलीस की माझ्या दादाने होतं नव्हतं ते सगळं टोचलं. बाराव्याला सांगितलंस, बाळ्याच्या लग्नात सांगितलंस. मी प्रत्येक वेळी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती साधा माणूस.

आता तू काय म्हणशील ते म्हण. पण म्हण.

भिका


तलासरी, ५ मार्च २०१७

तुळशे,

तुझं उत्तर आलं. सहा ओळी. बाळ्याला रात्रपाळी लागली, तुझं डोळ्याचं ऑपरेशन पुढे गेलं, दादा तब्येतीला जप, थंडीत अंगावर घे. बस?

मी ते पत्र उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. प्रगतीचं अक्षर, तुझा अंगठा. मी काय लिहिलं होतं आणि तू काय उत्तर देतेस? थंडीत अंगावर घे? मी तुझा नवरा मारला म्हणून लिहिलं, आणि तू मला गोधडी घे म्हणतेस.

ही माफी असेल तर तसं सांग. शिक्षा असेल तर तीही सांग. शिव्या दे. हे असं गोड बोललेलं मला सोसत नाही. चार दिवस जेवण गेलं नाही. शेजारच्या बायजीने पेज आणून दिली, तिला म्हटलं पोट बिघडलंय.

शितल मॅडमला मी काहीच कळवलं नाही. त्यांनी पुन्हा फोन केला. रेंज नाही म्हणून ठेवून दिला.

भिका


तलासरी, १८ जून २०१७

प्रगती,

हे पत्र तुला आहे. आजीसमोर उघडू नकोस.

तुझी वेगळी चिठ्ठी मिळाली. म्हणजे तू ते पत्र वाचलंच नाहीस. तू वाचलंस, आजीला वाचून दाखवलं नाहीस. त्या जागी तुझ्या मनाने सांगितलंस की मामाआजोबांना खोकला झालाय, आंब्याला मोहर आलाय. मला खोकला नाही. आंब्याला मोहर आला होता, ते मात्र खरं.

मला राग आला. चिठ्ठी फाडली, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचली. तू लिहितेस, आजी दुपारी एकटी असते तेव्हा तुमच्याबद्दलच बोलते, तिला ह्या खोलीत दुसरं काही नाही, ते मी कसं काढून घेऊ? सतरा वर्षांची पोर तू. तुला जे कळतं ते मला चाळिशीत कळलं नाही.

पण पोरी, असं चालत नाही. तुझ्या आजीचा माझ्यावर जो जीव आहे तो चोरीचा आहे. ती माझ्यासाठी दर सोमवारी उपास धरते, हे तूच लिहिलंस. तिला उपाशी ठेवून मी इकडे जेवतो, हे मला माहीत असताना घास कसा उतरेल?

तू वाचू नकोस. तुझ्या तोंडून ते निघावं असं मलाही आता वाटत नाही. माझंच चुकलं, तुझ्या गळ्यात टाकलं. पुढच्या चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला तिला पाठव. मी माझ्या तोंडाने सांगेन.

शितल मॅडम परवा येऊन गेल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. तिऱ्हाईत माणसाला सांगणं किती सोपं. त्या म्हणाल्या, घोणशीला दहा-दहा, वीस-वीस कुपी लागतात, तुमच्या एका कुपीने काही झालं नसतं, मनाला लावून घेऊ नका. चांगल्या मनाने म्हणाल्या. मी विचारलं, नक्की काही झालं नसतं? त्या म्हणाल्या, नक्की कोणी सांगू शकत नाही.

काचेवर तसलं काही लावू नका, अशी विनंती केली. त्या बरं म्हणाल्या.

भिका


तलासरी, २२ एप्रिल २०१८

प्रगती,

आजी जत्रेहून परत आल्यापासून बोलत नाही, काय झालं म्हणून विचारलंस. सांगतो. तुझा हक्क आहे.

पाच दिवस ती माझ्याकडे होती. विवळवेढ्याला जत्रेत दोनदा जाऊन आलो. तिने तुझ्यासाठी बांगड्या घेतल्या, सुक्या बोंबलाचा भाव केला, बाईशी भांडली, हसली. मी रोज सकाळी ठरवत होतो, आज सांगायचं. मंदिराच्या पायऱ्यांवर बसून तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, दादा, तू किती वाळलास, आणि पदरातला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी पेढा खाल्ला. एवढाच माझा धीर.

सहाव्या दिवशी म्युझियमचं उद्घाटन होतं. मॅडमने गाडी पाठवली होती, मी जाणारच नव्हतो. तुझी आजी हटून बसली. माझ्या दादाचा सत्कार आणि मी घरी बसू? नवं लुगडं नेसून गाडीत माझ्या आधी जाऊन बसली. पोरी, तेव्हा गाडीत तरी सांगायला हवं होतं. तीन तासांचा रस्ता. ड्रायव्हर होता म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मोठी खोली, गार हवा, काचेची कपाटं. माझा सुया घासायचा दगडसुद्धा दिव्याखाली ठेवलेला. आजीला मी पुढे पुढे नेत होतो. पेनिसिलीन दाखवलं, लिव्हरचं दाखवलं, ती हसली, म्हणाली ह्याने आपला बाप दोन दिवस लंगडला होता. मला वाटलं निभावेल. तिला वाचता येत नाही, पाटीवर तारखेशिवाय काही नाही.

तिला वाचायची गरज पडली नाही. चौथ्या कपाटाशी ती थांबली. डबा उघडा ठेवलेला, तीन खाचा रिकाम्या, चौथीत कुपी. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की ते डब्यासकट ठेवतील. त्या दिवशी तो डबा तिने माझ्या हातात पाहिला होता, आत किती आहेत ते मात्र नाही. मी पूड पाण्यात कालवून हातांत फिरवताना तिने तीनदा पाहिलं होतं. ती काचेला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, दादा, ह्यात पाणी घातलेलं नाही.

मी तिचा हात धरून पुढच्या कपाटाकडे न्यायला लागलो.

ती म्हणाली, हा तोच डबा ना?

मी हो म्हटलं.

मग हे कोणासाठी ठेवलं होतंस?

मी म्हटलं, येईल त्याच्यासाठी.

कोण आलं?

पोरी, ह्या प्रश्नाला मी तयार नव्हतो. वर्षभर काय काय बोलायचं ते घोकलं होतं. बुधीबाईचं, आईच्या मुड्याचं, सगळं. आणि तिने दोनच शब्द विचारले. त्या हंगामात कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी नवा साठा आला, चांगल्या दहा कुपी. ही मागे राहिली. मग मला ती वापरवेना, फेकवेना. मी म्हटलं, कोणी नाही आलं, तुळशे.

तिथे लोक होते, तिने आवाज चढवला नाही. मॅडम शाल घेऊन आल्या, माझ्या खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या. तुझी आजी खुर्चीवर बसून होती. परत येताना गाडीत ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली. तलासरीला उतरून तिने माझ्या घरातून बोचकं उचललं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला नाही. ड्रायव्हरला म्हणाली, मला डहाणू रोड स्टेशनला सोडा, गाडी मिळेल ती धरीन. ड्रायव्हरने सोडली. मी दारात उभा राहिलो. शाल तशीच खांद्यावर होती, ते नंतर बायजीने दाखवून दिलं.

तिला जेवायला लाव. सोमवारचे उपास सोडले का, ते कळव.

भिका


तलासरी, ११ फेब्रुवारी २०१९

प्रगती,

तुझं पत्र काल आलं. आजीने उपास सोडले, हे वाचून बरं वाटलं. तिची सूज उतरत नाही हे वाचलं. डॉक्टर किडनीचं म्हणतात तर त्यांचं ऐका, बाळ्याला सांग, भगताकडे फेऱ्या घालत बसू नकोस.

दहा महिन्यांनी ती माझ्याबद्दल बोलली आणि तू ते शब्दन् शब्द उतरवून पाठवलंस, म्हणून तुझे उपकार मानतो. ह्या वेळी तरी तू काही गाळलं नाहीस. काही गाळलं असतंस तर मी तुला दोष दिला नसता.

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालं. ती म्हणाली, दादाला लिही, दवाखान्यात त्या दिवशी माझी पाठ औषधांच्या कपाटाकडे होती, ह्यांचं तोंड कपाटाकडे होतं. ह्यांनी पाहिलं होतं. मला म्हणाले, तुझ्या दादाने एक परत ठेवली. तोंडात रक्त होतं तरी दोनदा म्हणाले. मी ह्यांच्यावर ओरडले. गप्प बसा, मरताना माझ्या भावावर आळ घेऊ नका. मग हे बोललेच नाहीत. ट्रकमध्ये सुद्धा डोळे उघडे होते पण माझ्याकडे बघितलं नाही. तीस वर्षं मला वाटत होतं की तापात बरळले.

त्यानंतर तिने सांगितलं, दादाने आता पत्र पाठवू नये.

प्रगती, मला वाटायचं मी तिचा नवरा घेतला. तेवढ्यावरच थांबलं नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी ओटीवर सुया उकळायला गेलो होतो तेवढ्या वेळात हे झालं असणार. मी आत आलो तेव्हा लहान्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं ग्लानी आली. मी त्याची नाडी बघितली, त्याने हात काढून घेतला. एवढी ताकद आहे अजून, म्हणून मला धीर आला होता. तुळशीला मी तसं बोललोही होतो, बघ, हात ओढतोय, वाचेल.

मी एकाहत्तरचा झालो. आता माझ्या हातून दुरुस्त होण्यासारखं काही राहिलं नाही. ती म्हणाली तसं करतो, हे शेवटचं. तू मला लिहू नकोस, तिला कळलं तर तुझ्यावरचाही विश्वास जाईल. तिचं काही बरंवाईट झालं तर बाळ्याने एक फोन करावा. मी दारात येणार नाही.

ही चिठ्ठी तिला वाचून दाखवू नकोस. फक्त एक गोष्ट सांग. तिला ती आता माहीत आहे, पण माझ्या तोंडून तिने अजून ऐकलेली नाही, आणि त्या दिवशी तिच्या समोर, लहान्याच्या कानावर पडेल असं, ती मीच बोलायला हवी होती. तिच्या चांगल्या कानाशी बस आणि सांग, दादा म्हणाला, लहान्या बरळत नव्हता. त्याने बरोबर पाहिलं होतं.

भिका